दोन डावे पंख

धड

पंख दोन होते आणि दोन्ही डावे होते. पण ते दुपारी कळलं. सकाळी सगळे सुखात होते. म्हणजे या घरात जितकं सुखात राहता येतं तितके: कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि काम चाललं होतं.

जुन्या हँगरच्या मधोमध विमानाचं धड चाकांवर उभं होतं. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून चढवलेलं कापड, कापडावर रोगणाचे हातावर हात. याच जातीच्या विमानावर अण्णांनी हवाई तळावरच्या पोरांना उडायला शिकवलं होतं. अस्सल विमान केव्हाच भंगारात गेलं, म्हणून घरानं मिळून हुबेहूब दुसरं घडवायला घेतलं. ते उडणार नव्हतं, नुसतं उभं राहणार होतं. ही कल्पना मूळ कोणाची, यावरचं भांडण मागेच होऊन गेलं होतं. त्यात दोन खुर्च्या मोडल्या आणि नात्यातला एक जावई कायमचा निघून गेला. खुर्च्या दुरुस्त झाल्या.

उद्या तळाचा वर्धापनदिन. पिकलेल्या मिशांचे जुने वैमानिक येणार, विमानाभोवती फिरणार, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगणार की आपल्या वेळी हे असं नव्हतं.

अण्णा सकाळपासून कॉकपिटमध्ये बसले होते. बसायला गेले ते सीट तपासायला. पण एकदा वर चढल्यावर त्यांना खाली येण्यात काही अर्थ दिसेना. माणसांच्या डोक्यांवरून बघत सूचना देणं हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. शिवाय उद्याच्या भाषणाचा विचार व्हायचा होता. इंजिन बंद पडलेलं विमान अण्णांनी एकदा धावपट्टीवर अलगद उतरवलं होतं, आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ होती, अडचण एवढीच की पाठ केलेली गोष्ट टिकत नसे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा नुसतं इंजिन बंद पडलं होतं. पुढे धूर आला. मग आग. गेल्या वर्षी वादळही येऊन मिळालं. आता कॉकपिटमध्ये बसून आणखी काय येऊन मिळेल, याची कोणालाच खात्री देता येत नव्हती.

तीन भावंडांतली मधली मुलगी शेपटीच्या बाजूला उभी राहून घड्याळ बघत होती.

तिला घरात सगळे टॉवर म्हणत. एक तर ती खरोखरच तळाच्या टॉवरमध्ये नियंत्रक होती. दोन विमानं एकाच वेळी एकाच जागी येऊ द्यायची नाहीत, एवढंच तिचं काम. ते ती टॉवरमध्ये पगारी करायची आणि घरी बिनपगारी. कारण तिचे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आई आणि अण्णाही नव्हते. पण त्यांचं भांडण नव्हतं, सवय होती. तेव्हा थोरल्याचं धाकट्याला, धाकट्याचं थोरल्याला, आईचं अण्णांना आणि अण्णांचं सगळ्यांना, जे काही सांगायचं ते टॉवरमार्फत जाई.

भावांचं बिनसलं त्याचं कारण मोठं नव्हतं, म्हणून तर ते मिटत नव्हतं. थोरला तेव्हा लढाऊ विमान उडवायचा आणि धाकटा त्याच विमानांची देखभाल करायचा. एकदा थोरल्यानं भर मेसमध्ये तक्रार केली की विमानाच्या डाव्या बाजूनं खडखड येते आणि देखभालवाले झोपा काढतात. धाकट्यानं बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, विमान उघडून पाहिलं, आवाज विमानातून नाही, वैमानिकाच्या गुडघ्यातून येतोय. सगळी मेस हसली. तळप्रमुख हसले, ते थोरल्याला जास्त लागलं. त्या दिवसापासून बंद.

आता घड्याळाचं. मधलीची बदली आली होती. लांबच्या, मोठ्या विमानतळावर. याआधीही अशा बदल्या आल्या होत्या आणि तिनं नाकारल्या होत्या. दर वेळी घरात काहीतरी अर्धवट असायचं. या खेपेला तिनं स्वतःशी आणि आईशी ठरवलं: विमान उभं राहिलं की मी मोकळी. आईखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हतं. होकार कळवायची मुदत आज होती, संध्याकाळी कचेरी बंद व्हायच्या आत. धड तयार, शेपूट तयार. दोन पंख आले आणि बसले की झालं.

डावा पंख

पहिला आला थोरल्याचा. एका लांब ट्रॉलीवर, ताडपत्री पांघरून, लग्नातल्या नवरीसारखा हळूहळू. पुढे थोरला, मागे वहिनी.

हा पंख थोरल्याच्या क्वार्टरच्या बैठकीत घडला होता. बैठक आखूड आणि पंख लांब, त्यामुळे त्याचं टोक कित्येक महिने खिडकीबाहेर होतं. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंनी त्यावर कपडे वाळत घातल्यावर थोरल्यानं तिकडे रीतसर निषेध नोंदवला होता. वहिनी तळाच्या शाळेत शिकवायची. घरी आल्यावर ती पंखाखालून वाकून स्वयंपाकघरात जायची आणि वाकूनच परत यायची. तिनं मधलीला एकदा सांगितलं होतं की हल्ली ती शाळेतही दार आलं की वाकते.

डावा पंख

दुसरा आला धाकट्याचा. वर्कशॉपच्या ढकलगाडीवर, त्याच रंगाच्या ताडपत्रीखाली. धाकटा एकटाच होता. त्यानं लग्न केलं नव्हतं. जिचे सुटे भाग मिळत नाहीत अशी वस्तू घरात आणू नये, असं त्याचं मत होतं.

दोन्ही पंख धडाच्या दोन बाजूंना टेकवले गेले. दोघांनीही आपापला पंख शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांपासून झाकून ठेवला होता. कारण एकच: समोरच्याचा चेहरा बघायचा होता.

ताडपत्र्या वहिनीनं काढल्या. दोन्ही पंख पोट बाहेर करून उभे होते. तिनं शाळेतल्या सवयीनं डावीकडचा क्रमांक मोठ्यानं वाचला. मग वळून उजवीकडचा वाचला. मग पुन्हा डावीकडचा, जरा हळू.

या विमानाचा क्रमांक एकाच पंखाच्या पोटावर असायचा, डाव्या. माणसं विमानाकडे डावीकडून येत, कॉकपिटचं दार डावीकडे, आणि तळावरच्या यच्चयावत जुन्या फोटोंत अण्णा उभे आहेत ते डाव्या पंखाखाली. उजवा पंख विमानाला असतो एवढंच. त्याच्याखाली कोणी फोटो काढत नाही.

हँगरमध्ये इतकं शांत झालं की छतावरच्या कबुतरांनीही जरा अंग चोरलं.

अण्णांनी कॉकपिटच्या कडेवरून मान बाहेर काढली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"दोन डाव्या चपला घालून माणूस चालतो," ते म्हणाले. "उडत नाही."

निरोप

थोरला म्हणाला: त्या शहाण्याला विचार, डावा-उजवा कळत नाही का त्याला, की हातोडीवर लिहून ठेवावं लागतं.
धाकट्याला पोचलं: दादा विचारतोय, काही गैरसमज झाला का.

धाकटा म्हणाला: सांग त्याला, गैरसमज त्याचा जन्मापासूनच आहे, की जे दिसतं ते सगळं त्याचंच.
थोरल्याला पोचलं: तो म्हणतोय, त्याला वाटलं डावा त्याच्याकडे होता.

थोरला म्हणाला: वाटलं? डावा मी घेणार हे मी निक्षून कळवलं होतं. विचार त्याला, कळवलं होतं की नाही.

मधलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण हा निरोप गोड करून पुढे द्यायला त्यात जागाच नव्हती. धाकटा पाच पावलांवर उभा होता, त्याला ऐकू येत होतंच. या घरात सगळ्यांना सगळं ऐकू येई. पण मधलीकडून आल्याशिवाय ते आलं असं धरत नसत.

"ताई," धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच गोंधळलेला होता, "दादानं तर सांगितलं होतं, तुला हवा तो घे. मला बरं वाटलं होतं. म्हणून तर डावा घेतला."

"टॉवर, मी असं कधी म्हणालो?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. वाटणीचा दिवस तिला लख्ख आठवला. अण्णा म्हणाले होते, दोघं मिळून ठरवा; जे एकमेकांशी बोलत नाहीत त्या दोघांना. थोरल्याचा निरोप होता: डावा माझा, त्याला उजवा दे, खालून बघणाऱ्याला सारखंच. हे असं पोचवलं असतं तर विमान तिथंच संपलं असतं. म्हणून तिनं पोचवलं: दादा म्हणतोय, तुला हवा तो घे. धाकटा म्हणाला होता, बरं. तिला वाटलं, धाकटाच तो, उरेल ते घेईल. ती थोरल्याकडे आली आणि म्हणाली, तो बरं म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

"ते दादा म्हणाला नव्हता," मधली म्हणाली. "मी म्हणाले."

"त्याच्या नावानं?" धाकट्यानं विचारलं.

"हो."

अण्णांनी वरून विचारलं, हे कधीपासून चाललंय. मधलीनं सांगितलं, पहिल्यापासून. मेसमधल्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवसापासून. ती अगदी सरळ सांगत होती, टॉवरमधून हवामान सांगतात तसं. तुम्ही जे बोलता ते मी कधीच पोचवलेलं नाही. ते पोचवण्याच्या लायकीचं नसतं.

थोरल्याच्या चेहऱ्यावर हिशोब चालू झाला. त्यानं हळूच विचारलं, माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं निरोप पाठवला होता. काळजी घे म्हणून. तो?

"तो म्हणाला होता, सुटे भाग मिळतात का बघा."

वहिनी हसली. तिनं लगेच तोंडावर हात धरला, पण हसली ते हसलीच, आणि थोरल्यानं तिच्याकडे असं बघितलं की आता या घरात बोलणं बंद असलेली आणखी एक जोडी होते की काय असं वाटावं.

धाकट्यानं मात्र वेगळाच धक्का घेतला. थोरला माझ्या कामाचं कौतुक करतो, असं तो मनात धरून चालला होता. दर सहा-आठ महिन्यांनी एखादा चांगला शब्द यायचा. त्या जोरावर तो जगत होता असं नाही, पण कधी वर्कशॉपमध्ये एकटा असला की त्याला आठवायचा. आता त्याला हातातला पाना कुठे ठेवावा ते सुचेना. त्यानं तो खिशात घातला. तो खिशात मावला नाही.

शिवण

घराचा सगळा रोख आता मधलीवर होता. थोरला, धाकटा आणि अण्णा, तिघं एका बाजूला. हा योग दुर्मिळ होता. अशा वेळी मधलीच्या बाजूनं कोणी बोललं असेल तर ती वहिनी. तिनं बोट वर करून एक साधी शंका काढली. पंखाचा सांगाडा करणारे करोत, पण त्यावर कापड चढवून शिवायचं काम दोन्हीकडे एकाच माणसानं केलंय. मग त्या माणसाला कळलं कसं नाही?

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या.

आई शेपटीजवळ उपड्या खोक्यावर बसून सुकाणूच्या कापडाची एक सैल कड आवळत होती. लग्नाआधी ती याच तळाच्या कापडखात्यात होती. विमानं जेव्हा कापडाची होती तेव्हा पंख बायका शिवायच्या: लाकडाच्या प्रत्येक बरगडीला कापड टाक्यानं बांधायचं, दर टाक्याला गाठ, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. अण्णा आपल्या भाषणात सांगत, माझं विमान शिवता शिवता हिनं माझं मन शिवलं. आई म्हणायची, तिथं दोनशे विमानं होती, ह्यांचं कुठलं ते कोणी बघितलंय. अर्थात हे ती अण्णांना नाही, मधलीला म्हणायची.

"कळलं होतं," आई म्हणाली. हात थांबले नाहीत. "थोरल्याचा शिवत होते तेव्हाच धाकट्यानं वर्कशॉपवर नेऊन त्याचा सांगाडा दाखवला. डावा. मला न कळायला काय झालं?"

"मग बोलली का नाहीस?" थोरला आणि धाकटा एकदमच म्हणाले, आणि एकदम म्हणालो म्हणून दोघंही चिडले.

आईनं गाठ मारली, दोरा दातानं तोडला. "बोलले असते तर झालं असतं ना विमान."

हे कोणालाच समजलं नाही. मधलीला समजलं. आईनं दुसरा पंख शिवायला घेतला तेव्हाची आई तिला दिसली: रविवारची दुपार, मांडीवर कापड, एकेक टाका इतका सावकाश की मधली दोनदा म्हणाली होती, आई, लवकर आवर. आणि आई म्हणाली होती, घाईचं काम उसवतं.

"ती जाणार आहे," आईनं सगळ्यांना सांगून टाकलं. "बदली आली आहे तिला. लांब. विमान उभं राहिलं की जाते म्हणाली. मला काय, मी दोन डावे शिवले. चार शिवले असते."

आता काय झालं ते नीट बघण्यासारखं होतं. थोरल्याचं आणि धाकट्याचं पटत नव्हतं. आईचं आणि अण्णांचं बोलणं नव्हतं. वहिनीचं आणि थोरल्याचं नुकतंच बिनसलं होतं. पण मधली जाणार म्हटल्याबरोबर घर असं एक झालं, जसं कधी कोणाच्या लग्नात झालं नव्हतं. थोरला म्हणाला, तिथं धुकं असतं, चार महिने विमानं उतरत नाहीत, तू करशील काय. धाकटा म्हणाला, तिथली यंत्रं जुनी आहेत, त्याच्या ओळखीच्या माणसानं बघितली आहेत. अण्णा म्हणाले, मोठ्या विमानतळावर नुसती प्रवासी विमानं येतात, तो काय विमानांचा धंदा आहे, तो बसगाड्यांचा धंदा आहे. वहिनीसुद्धा. ती म्हणाली, जाऊ नये असं मी म्हणत नाही, पण मग यांचं मला ऐकावं लागेल, आणि मला तुझ्यासारखं गोड करता येत नाही.

निदान तिनं खरं सांगितलं.

"आणि तिकडे आहे कोण तुझं?" आईनं विचारलं.

"कोणी नाही," मधली म्हणाली. "म्हणूनच."

उलटा

डाव्या पंखाला उजवीकडे बसवायचे दोनच मार्ग असतात. एक तर तो पाठमोरा बसवायचा, म्हणजे पुढची कड मागे. नाहीतर उपडा घालायचा, म्हणजे पोट वर आणि पाठ खाली. दोन्ही प्रकारे विमान उडणार नाही. पण हे विमान तसंही उडणार नव्हतं. मधलीनं हे सगळ्यांना मोजक्या शब्दांत सांगितलं. उपडा बसवू. लांबून कळणार नाही. जवळून कळेल, पण जवळ येतात ते म्हातारे वैमानिक, आणि त्यांचे चष्मे गाडीत असतात.

अण्णा म्हणाले, पंख उपडा घातलेल्या विमानापुढे उभं राहून मी भाषण करू? मधली म्हणाली, वादळाचं सांगा त्यांना. वादळात झालं म्हणा. अण्णांनी या सूचनेवर रागवायचं ठरवलं, पण मध्येच विचारात पडले. आणि ते विचारात पडले हे सगळ्यांनी बघितलं.

राहिला प्रश्न कोणाचा पंख उपडा व्हायचा याचा. थोरल्यानं हात मागे बांधले. धाकट्यानं आपल्या पंखावर हात ठेवला. अण्णांकडे बघितलं तर अण्णा म्हणाले, टॉवर ठरवेल. त्यांनी कधीही कुठलाही निर्णय दोन मुलांमध्ये केला नव्हता. त्यांना दोन्ही मुलं सारखीच आवडत, म्हणजे फारशी नाही.

"दादाचा," मधली म्हणाली.

थोरला काहीतरी बोलणार होता.

"दर वर्धापनदिनाला तू धावपट्टीवरून उलटा उडत जायचास," ती म्हणाली. "लोक टाळ्या वाजवायचे. तुझ्या पंखाला सवय आहे."

वहिनी पुन्हा हसली, आणि या वेळी तिनं तोंडावर हात धरला नाही.

मग मधली हँगरच्या दारापाशी गेली, बदलीच्या कचेरीत फोन लावला आणि होकार कळवला. पलीकडच्या माणसानं विचारलं, नक्की ना, कारण गेल्या वेळी तुम्ही… ती म्हणाली, नक्की. पाठीमागे हँगरमध्ये कामं थांबली होती. सगळे ऐकत होते. नेहमीप्रमाणे.

ती परत आली. टॉवरमध्ये पाळी बदलते तेव्हाची एक रीत तिच्या अंगात मुरलेली होती. जाणारा येणाऱ्याला सगळं सांगतो: हवेत कोण आहे, उतरायच्या रांगेत कोण, कोणाचं इंधन संपत आलंय. मग कानावरचा हेडफोन काढतो. त्यानंतर त्याला काचेतून काहीही दिसो, माइकला हात लावायचा नाही. पाळी आता दुसऱ्याची असते.

सांगण्यासारखं तिचं सगळं सांगून झालं होतं.

धाकट्यानं तळावरच्या चार शिपायांना घेऊन आपला पंख डावीकडे बसवला. मग थोरल्याचा पंख उपडा केला गेला. त्याच शिपायांना हाताशी घेऊन तो उचलला. टोकाशी थोरला, धडाशी धाकटा. धडाकडच्या बाजूला दोन भोकं होती आणि धडाला दोन लोखंडी कान. भोकं कानांसमोर आली की लोखंडी पिना ठोकायच्या. भोकं फक्त धाकट्याला दिसत होती. पंख किती वर, किती खाली, हे फक्त थोरल्याच्या हातात होतं.

"टॉवर, विचार त्याला, जुळतंय का," थोरला म्हणाला.

मधली काही बोलली नाही.

"ताई, सांग त्याला, जरा वर."

मधलीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. थोरल्यानं तिच्याकडे बघितलं. धाकट्यानंही बघितलं. मधली दोघांकडे बघत होती, अगदी शांतपणे, काचेआडून बघतात तसं.

पंख जड नव्हता, पण लांब होता, आणि लांब वस्तू धरून ठेवली की आपोआप जड होते. एका शिपायाचा हात थरथरायला लागला. मग दुसऱ्याचा. टोक हेलकावे खाऊ लागलं. अण्णा वरून भराभर उडतानाच्या सूचना देत होते, डावं रडर, उजवं रडर, त्या कोणाच्या कामाच्या नव्हत्या. आई सुई हातात धरून बसली होती आणि पंखाकडे नव्हे, मधलीकडे बघत होती. ही बोलेल. आत्ता बोलेल. लहानपणापासून कधी हिला दुसऱ्याची वस्तू पडलेली बघवली नाही.

पंखाची आतली कड धडाला घासली. कापडावर पांढरा चरा उठला. मधलीचे ओठ हलले. तिनं ते मिटले.

"वर घे," धाकटा म्हणाला. भिंतीकडे बघून, पण म्हणाला. मग थोरल्याकडे बघून, "वर घे की, गाढवा."

हँगरमध्ये सगळं थांबलं.

"गाढव कोणाला म्हणतोस," थोरला म्हणाला, आणि टोक वर घेतलं.

"जास्त झालं. खाली."

"खाली म्हणजे किती खाली? माणसासारखं सांग."

"माणसाला माणसासारखं सांगतात. अजून. अजून. थांब. थांब म्हटलं ना, गुडघे आवर तुझे."

"गुडघ्याचं नाव काढू नकोस."

"काढणार. आवाज येतोय. इथपर्यंत येतोय."

पहिली पिन आत गेली. हातोडीचे दोन ठोके, मग दुसरी पिन, मग आणखी ठोके. विमान उभं राहिलं. डावीकडे डावा पंख, उजवीकडे डावा पंख, उपडा, आणि त्याच्या पोटावरचा क्रमांक आता आकाशाकडे तोंड करून. शिपायांनी हात सोडले आणि दंड चोळत बाजूला झाले. भाऊ सोडायला तयार नव्हते. पंख बसला होता, पण ते दोघं त्याच्या दोन टोकांना तसेच उभे राहून बोलत होते. मेसची गोष्ट निघाली. तिच्याआधीची सायकलची निघाली. तळप्रमुख हसले तेव्हा तूही हसलास की नाही, हे निघालं. इतक्या वर्षांत मधलीनं जे जे पोचवलं नव्हतं, ते सगळं आता स्वतःच्या पायांनी चालत येत होतं, आणि खरंच ते पोचवण्याच्या लायकीचं नव्हतं.

आई उठली. मधलीच्या शेजारी येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती; तिला वेळेवर रडता येत नसे.

"झालं तुझ्या मनासारखं," आई म्हणाली.

"झालं."

आईनं सुईत उरलेला दोरा बोटाला गुंडाळला. मग हनुवटीनं कॉकपिटकडे खूण केली. "ह्यांना सांग, उतरा म्हणावं आता. सकाळपासून पोटात काही नाही."

"तूच सांग, आई."

आईनं तिच्याकडे बघितलं, जसं दुकानात चुकीच्या मापाचं कापड समोर आलं की ती बघायची. मग सुई पदराला टोचली, विमानापर्यंत चालत गेली, आणि वर मान करून अण्णांना काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते भावांच्या आवाजात ऐकू आलं नाही. अण्णांनाही आलं नसावं, कारण ते म्हणाले, काय? ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. अण्णा आणखी मोठ्यानं म्हणाले, पण मला भाषण करायचंय. आई त्याहून मोठ्यानं म्हणाली की ते तिनं ऐकलंय, धूर नव्हता तेव्हापासून ऐकलंय. मग वहिनीही कोणाला तरी काहीतरी म्हणाली.

एकाच वेळी सगळे बोलायला लागले की कोणाचंच कळत नाही, हे टॉवरमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. मधलीनं जन्मभर तेच सांभाळलं होतं. आता तिच्यामागे पाच जण एकदम बोलत होते, आणि एक शब्द कळत नव्हता.

ती हँगरबाहेर पडली. चुन्यानं रंगवलेल्या दगडांच्या कडेनं क्वार्टरकडे चालायला लागली. कोणीतरी टॉवर म्हणून हाक मारली. बहुधा थोरल्यानं. बहुधा अण्णांनी.

तिनं चाल वाढवली.